फेरपालट : आमच्या हंगामी ड्राफ्टच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार, टिळकवाडी, बेळगाव

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची कार्डं मोजून झाली. दिवाणावर चादर अंथरून रंगवार ढीग लावले: पांढरी, निळी, काळी, तांबडी, हिरवी, आणि सहावा बिनरंगी. बरोबर ४५०. जवळपास सगळी कॉमन, म्हणजे पाकिटात सर्रास सापडणारी. महागड्या कार्डांच्या मागे लागलो असतो तर एवढा साठा झालाच नसता. आणि माझा अनुभव असा की कॉमन कार्डांचे सामने जास्त रंगतात, कारण एकाच कार्डावर खेळ फिरत नाही.

मॅजिक: द गॅदरिंगचा नेहमीचा ड्राफ्ट एका बैठकीत आटोपतो. आठजण गोलात बसतात, प्रत्येकापुढे पंधरा-पंधरा कार्डांची तीन पाकिटं (२०२४ पासून विकतच्या पाकिटात चौदाच येतात). एक फोडायचं, एक कार्ड ठेवायचं, उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची. पहिलं पाकीट डावीकडे फिरतं, दुसरं उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे. हाती आलेल्या पंचेचाळिसांतून तेवीसेक निवडायची, सतरा लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी शक्ती देणारी कार्डं) घालायच्या, चाळिसाचा डेक बांधून खेळायचं. रात्री सगळं मोडून डब्यात. ते मोडणं मला फार लागतं. तासभर मन लावून बांधलेला डेक दोन-तीन सामन्यांत संपतो. तो चार महिने जगावा, दर खेपेला थोडा बदलत जावा, असा प्रकार तयार करायचाय.

दोन वर्षांपूर्वी एकदा केला होता. सहाजण होतो, चौथ्या महिन्यात तिघे उरलो. भांडण नाही, काही नाही. ज्यांच्या दोन खेपा चुकल्या ते तिसऱ्या खेपेला आलेच नाहीत. एवढ्या दिवसांत आमचे डेक इतके पुढे गेले होते की त्यांना बसायला जागाच उरली नव्हती. त्यातला एकजण अजून रस्त्यात भेटला की चहाला थांबतो, पण खेळाचं नाव काढत नाही. ते मला बोचतं. या वेळी लिहून ठेवणार, म्हणजे नेमकं कुठं बिघडतं ते दिसेल.

४ जून, बुधवार

दुसरी पाळी संपवून उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीतून आलो, झोप नव्हती म्हणून आकडेमोड केली. सहाजण, प्रत्येकी ४५, म्हणजे पहिल्या दिवशी २७० कार्डं जातात. उरतात १८०. त्यानंतर दर खेपेला प्रत्येकाला सहा नवी द्यायची, म्हणजे ३६. पाच खेपांत साठा बरोबर संपतो. एक रविवार आड धरला तर १७ ऑगस्टला शेवटची खेप, आणि गणपती २७ ला. हंगाम सणाच्या आधी उरकतो. कागदावर तरी फार नीट बसतंय.

८ जून, रविवार

पहिला ड्राफ्ट झाला. मंडळी अशी: मी, अक्का (मराठी शाळेत शिक्षिका), तिची मुलगी म्हणजे माझी भाची (पाचवीत), वडगावचा मागवाला मित्र, खानापूरकर आणि निपाणीकर. निपाणीकर सत्तरच्या वर किलोमीटर गाडी हाणत येतो, त्यामुळे चारच्या ठोक्याला सुरू करायचं असं पक्कं ठरलं.

वडगावकराच्या घरी कन्नड. पाकीट सरकवताना तो 'मुंदे' म्हणतो, म्हणजे पुढे. दुसऱ्या पाकिटापर्यंत सगळेच 'मुंदे, मुंदे' करत होतो. नको असलेल्या कार्डाला 'बेडा'. भाचीनं ते दोन शब्द लगेच उचलले.

तिच्या वहीचं इथं लिहिलंच पाहिजे. कार्डांवरचं इंग्रजी तिला जड जातं, म्हणून तिनं मागच्या पानावर स्वतःचा कोश केलाय. फ्लाइंग: उडतं, जमिनीवरच्याला सहसा अडवता येत नाही. हेस्ट: आल्या आल्या धाव. डेथटच: शिवला की मेला. ट्रॅम्पल: तुडवून उरलेलं पुढे. ट्रॅम्पलचा नियम मी मोठ्या माणसांना तीन-तीन वाक्यांत समजावत आलोय. आता हेच सांगणार.

तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकाचे तीन सामने. कोणता डेक कुणी खेळला ती पूर्ण यादी मी वहीत उतरवून घेतली. अक्का म्हणाली, "एवढं कशाला लिहितोस?" उपयोग होईल असं वाटलं, एवढंच.

२२ जून, रविवार

पाऊस. खानापूरकर बसनं आला, पिशवी चिंब. प्लास्टिकच्या स्लीव्हमधली कार्डं वाचली, पण वेगळाच घोळ निघाला. साठ्यात नऊ फॉइल कार्डं आहेत, चकाकणारी. त्यांत कागदाच्या थराला धातूची पातळ पट्टी चिकटवलेली असते. दमट हवेत कागद ओलावा ओढून फुगतो, पट्टी फुगत नाही, आणि कार्ड कमानीसारखं वाकतं. गड्डी टेबलावर ठेवली की फॉइल जिथं असेल तिथं बारीकशी फट दिसते. वरचं कार्ड कुठलं ते न पाहता कळायला लागलं की तो खेळच राहत नाही. खानापूरकरानंच ते दाखवून दिलं, आणि फट त्याच्याच डेकात होती. नऊच्या नऊ काढली, बदली साधी घातली. साठा आता स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. आमच्याकडचा पावसाळा बघता हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

सहा नवी कार्डं सहा-सहाच्या पाकिटांतून फिरवली. मजा आली नाही. शेवटची दोन कार्डं कुणालाच नको असतात.

६ जुलै, रविवार, आषाढी

चौघेच. निपाणीकराचे वडील आजारी, त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलंय. खानापूरकराकडे माणसं मिळेनात म्हणून तो स्वतः चिखलात. दोघांच्या वाट्याची सहा-सहा कार्डं लिफाफ्यात घालून वर तारीख टाकली.

पाकिटं बंद केली. उरलेली २४ कार्डं उताणी मांडली आणि नागमोडी क्रमानं उचलली: पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मग शेवटच्यापासून उलट. असा उघडा ड्राफ्ट जुनाच आहे, त्याला रॉचेस्टर म्हणतात. कोण काय उचलतो ते सगळ्यांना दिसतं, गप्पा होतात, भाचीला विचारायला वेळ मिळतो. हेच ठेवायचं.

एक गोष्ट आज खटकली. माझ्याकडे आता ५७ कार्डं आहेत आणि खेळायला तेवीसच लागतात. म्हणून दर खेपेला मी कच्ची काढून पक्की घालतोय. डेक धारदार होत चाललाय, पण हातात दर वेळी तेच ते येतंय. ड्राफ्टची खरी गोडी असते ती अपुऱ्या सामानात भागवण्यात, आणि तीच आटायला लागलीय.

२० जुलै, रविवार

आज वाईट वाटलं. सविस्तर लिहितो.

वडगावकराच्या निळ्या डेकात कॅपसाइझ आहे. १९९७ च्या टेंपेस्ट संचातलं, साधं कॉमन कार्ड. तीन मानांत (माना म्हणजे लँडमधून मिळणारी ती शक्ती) टेबलावरची कुठलीही एक गोष्ट तिच्या मालकाच्या हातात परत पाठवायची. आणखी तीन माना भरल्या तर कॅपसाइझ स्वतः खर्ची न पडता आपल्या हातात परत येतं. म्हणजे सहा लँड झाल्या की दर पाळीला तेच.

समोर भाची होती. तिच्या चार लँड. मॅजिकमध्ये एका पाळीत एकच लँड मांडता येते. ती एक मांडायची, तो एक उचलून तिच्या हातात द्यायचा. पुन्हा ती मांडायची, पुन्हा तो उचलायचा. तिच्या हातात सहा मानांचं मोठं हिरवं जनावर होतं, पहिल्या पाळीपासून आलेलं. तो नियमानंच खेळत होता, आणि गेल्या दोन खेपांत असेच सामने काढले होते. भाची रडली नाही. फक्त त्याच एका लँडचा स्लीव्ह, कोपरा थोडा दुमडलेला, दर वेळी अंगठ्यानं सरळ करून ठेवत होती. असं आठ-नऊ वेळा झालं. मग म्हणाली, "मामा, मी पाणी पिऊन येते," आणि बराच वेळ आत राहिली.

वडगावकराला ते लागलं. "नियमातच हाय की हे," म्हणाला, पण पत्ते गोळा करताना त्याचं लक्ष आतल्या दाराकडे होतं. दोष त्याचा नाही. एका रात्रीच्या ड्राफ्टमध्ये कॅपसाइझ एकदा भेटतं आणि विसरता येतं. हंगामी प्रकारात तेच कार्ड दर पंधरवड्याला समोर येऊन बसतं. म्हणजे जपणूक ही माझ्या प्रकाराची ताकद, आणि तिच्यातच खोट.

२३ जुलै, बुधवार

वाटा शोधतोय. कॅपसाइझ काढून टाकणं सोपं, पण उद्या दुसरं काही त्याची जागा घेईल.

पैज लावायची का? १९९३ साली रिचर्ड गारफील्डचा हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा नियमांतच अँटी होती: सुरुवातीला प्रत्येकानं डेकातलं एक कार्ड बाजूला ठेवायचं आणि जिंकणाऱ्यानं दोन्ही न्यायची. पुढं ती प्रथा गेली. अँटीवर चालणाऱ्या कार्डांना अधिकृत स्पर्धांत बंदी आहे. आमच्यात तर नकोच. हरलेल्याचं कार्डही जाणार, म्हणजे मागे पडणारा आणखी मागे.

२७ जुलै, रविवार

खेळ नव्हता. खानापूरकराकडे लावणीला हात द्यायला गेलो. बांधावर भाकरी खाताना त्याला अडचण सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भात काढलं की त्याच रानात आम्ही मसूर नाही तर वाटाणा टाकतो. परत भातच घ्यायचं म्हटलं तर जमीन दमते. तुझी कार्डं दमत नाहीत, हाच तुझा घोटाळा."

कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पुढच्या पिकाला तो लागू होतो, हे शाळेत शिकलोय. पण कार्डांना फेरपालट लावायची हे डोक्यातच आलं नव्हतं. परतताना बसमध्ये पूर्ण नियम मनात तयार झाला.

३ ऑगस्ट, रविवार

फेरपालट, पहिली रीत. एका संध्याकाळी ज्यानं दोन किंवा जास्त सामने जिंकले, त्यानं खेळलेल्यांपैकी चार कार्डं 'विसावा' असं लिहिलेल्या डब्यात टाकायची. त्यातलं एक प्रतिस्पर्ध्यानं सांगायचं. दोन खेपा विसावा, मग ती सामाईक साठ्यात. मालकाकडे परत नाही.

निपाणीकर आजही नाही, म्हणजे सलग तिसरी खेप. कॅपसाइझ विसाव्यात गेलं. भाचीनंच नाव घेतलं. वडगावकरानं स्वतःच्या हातानं डब्यात टाकलं आणि सुटल्यासारखा दिसला. सगळे खूश होते, मीही.

१७ ऑगस्ट, रविवार

खुशी पंधरा दिवस टिकली. तिसऱ्या फेरीत वडगावकर आणि अक्का. त्याचा एक विजय आधीच झालेला. हातात जिंकणारी चाल होती, मला मागून दिसत होती. त्यानं पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, "दिला सामना." नंतर विचारलं तर सरळ सांगितलं, लपवाछपवी त्याच्यात नाही: "दुसरा जिंकला असता तर चार कार्डं गेली असती. एक सोडला की डेक राहतो."

अक्काला राग आला, आणि तिचं बरोबर आहे. "मला दिलेला सामना नको," म्हणाली. त्याचंही चुकलं नाही. जिंकण्याला मीच दंड लावला होता, मग माणूस जिंकणं टाळणारच. अशी सूट नियमातच असेल तर ती नियम करणाऱ्याची चूक.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या खरेदीला गणपत गल्लीत खानापूरकर भेटला. त्या गर्दीतच दोन मिनिटं बोललो. मी म्हटलं, तुझी फेरपालट फसली. नियम ऐकून तो म्हणाला, "अरे, पीक चांगलं आलं म्हणून आम्ही बदलत नाही. हंगाम झाला म्हणून बदलतो. उतारा कितीही पडू दे, मसूर टाकायचीच."

हे मी ऐकलं होतं आणि धरलं भलतंच. फेरपालट विजयाला नव्हे, वेळेला जोडायची. आणि विसाव्यातली कार्डं साठ्यात परत येणार, म्हणजे हंगाम सणानंतरही चालवता येईल.

त्याच रात्री अक्काला सांगितलं तर ती उठून कोरा हजेरीपट घेऊन आली. उभ्या रकान्यात कार्डांची नावं, आडव्या रकान्यात खेपांच्या तारखा. कार्ड डेकात खेळलं की हजेरी. तीन हजेऱ्या झाल्या की ते विसाव्याला पात्र. दर खेपेला सहा आत येतात, म्हणून पात्र असलेल्यांपैकी जास्तीत जास्त सहा बाहेर जातील, कुठली ते मालक ठरवील. नाहीतर सगळ्यांची सगळी कार्डं एकदम पिकतील आणि डेक एका रात्रीत उजाड होईल. पात्र कार्ड मालकानं दोनदा अडवून धरलं तर तिसऱ्यांदा ते जाईलच. साध्या लँडना हजेरी नाही. जुन्या खेपांच्या डेकयाद्या मी लिहिल्याच होत्या, त्यावरून अक्कानं मागची हजेरी भरून काढली.

बारा वाजेपर्यंत बसलो. भरता भरता निपाणीकराच्या पानावर आलो आणि दोघेही थांबलो. त्याच्या एकाही कार्डाला तिसरी हजेरी नाही. तो ६ जुलै, २० जुलै, ३ ऑगस्ट, १७ ऑगस्ट अशा चार खेपांना नव्हता, म्हणजे त्याचा डेक जूनमध्ये होता तसाच ताजा. आमची चांगली कार्डं एकेक करून विसाव्याला जातील, त्याची नाहीत. जो येऊ शकला नाही त्याला भरपाई द्यायला वेगळा नियमच नको. तो नसतो तेव्हा त्याची जमीन पडीक राहते, आणि पडीक जमीन दमत नाही.

लिफाफ्यात मात्र बदल केला. आतापर्यंत सहा कार्डं बिननिवडीची होती, ते देणं झालं, ड्राफ्ट नव्हे. आता लिफाफ्यात नऊ, त्यातून सहा घ्यायची, तीन परत.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणूक आजच्या दिवसात गेली, कपिलेश्वर तलावापाशी उभं राहून पाय सुजले. खेळाचा विषय नाही. ३१ ऑगस्टलाही नव्हता, गौरी होत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

निपाणीकर आला. वडील घरी आलेत, चालतात. दारात उभा राहून पहिलं वाक्य: "मी नुसता बघायला आलोय, माझं राहिलं बरंच." दोन वर्षांपूर्वी अगदी हेच शब्द दुसऱ्या एकाच्या तोंडी ऐकले होते, आणि तो नंतर आला नाही.

भाचीनं त्याच्यापुढे चार लिफाफे ठेवले, तारखेप्रमाणे लावून. तो खाली बसला. पहिला फोडला, नऊ कार्डं पसरली, एकेक हातात घेऊन वाचायला लागला. दुसऱ्या लिफाफ्यात लाइटनिंग बोल्ट निघालं, एका तांबड्या मानात तीनचा मारा. त्याच्या डेकाचा रंगच तांबडा. वर बघून हसला आणि गाडीची किल्ली, जी इतका वेळ मुठीत होती, ती खिशात टाकली.

चोवीस कार्डं घेऊन डेक पुन्हा बांधायला त्याला तास लागला. तेवढ्यात आम्ही एक फेरी उरकली आणि त्याचा राहिलेला सामना शेवटी बसवला. तीनपैकी एक जिंकला, दोन हरला, त्यातला एक तिसऱ्या डावात. मला याहून जास्त काही नको होतं. तो जिंकत सुटला असता तर नियम दुसऱ्या बाजूला कलला असता.

अजून एक. विसाव्यातून साठ्यात आलेलं माझं आवडतं मुलड्रिफ्टर आज अक्कानं उचललं. पाच मानांत उडणारं दोनाला दोन (मारा दोन, सोसणं दोन) जनावर, वर दोन पत्ते ओढायला. तिनं ते माझ्यावरच चालवलं. आपण जून-जुलैत जपलेलं कार्ड दुसऱ्याच्या हातात चाललेलं पाहताना जरा कालवलं, आणि बरंही वाटलं. कॅपसाइझ मात्र टेबलावर उताणं पडून राहिलं. सहाही जणांनी त्याच्यावरून हात फिरवून दुसरं उचललं. कुणी काही ठरवलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आज मुद्दाम हरणं नाही. तीन हजेऱ्या भरल्या की कार्ड जाणारच, जिंका नाहीतर हरा. म्हणून वडगावकर शेवटच्या फेरीत जीव तोडून खेळला.

एक खाच दिसली. चलाख खेळाडू चांगलं कार्ड एक खेप डेकाबाहेर ठेवून हजेरी वाचवू शकतो. खानापूरकरानं तेच केलं आणि उघड सांगितलं. बंदी घालावी का यावर चर्चा झाली. माझं मत पडलं नको. कार्ड बाहेर ठेवलं की त्या दिवशी डेक तेवढा लंगडा, ती किंमत तो मोजतोच आहे. शिवाय कुठलं कार्ड केव्हा काढायचं हा विचार घरी, पंधरवडाभर चालतो. मला खेळ असाच लांबलेला हवा होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

हंगाम संपला. सहाच्या सहा हजर. पहिला खानापूरकर, दुसरी अक्का, बाकी आम्ही जवळजवळ. कुंदा आणला होता, तो दुसऱ्या फेरीतच संपला.

नियम एका पानावर बसवले. अक्काच्या अक्षरात, वर हजेरीपटाचा नमुना. खेळणारा नवा माणूस पाच मिनिटांत वाचील असं. पुढचा हंगाम दिवाळीनंतर.

निघताना भाचीनं विचारलं, वर्गातल्या मैत्रिणीला आणू का? मग सातजण होतील. रात्री बसून हिशोब मांडला. सात गुणिले ४५ म्हणजे ३१५. साठ्यात उरतात १३५. दर खेपेला ४२ लागतील, तीन खेपांना १२६. नऊ उरतात, आणि पुढं विसाव्यातली परत यायला लागतील. त्या नऊ कार्डांची तीन बाय तीन चौकट मांडली तर दोघांचा ग्रिड ड्राफ्ट होतो: एकानं एक ओळ उचलायची, आडवी नाहीतर उभी, मग दुसऱ्यानं. मैत्रिणीला पहिल्या दिवशी शिकवायला तेवढं पुरे. भाचीला सांगितलंय, आण तिला, आणि वहीचं मागचं पान तिच्यासाठी उतरवून ठेव.